जिवाणूंना पक्षात घेण्याआधी

गोव्यात शेतीवर वाद सुरू झाला की हल्ली दोनच बाके मांडलेली असतात. एका बाकावर जीवामृतवाले, म्हणजे शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण ओतणारे: माती जिवंत करा, मित्रजिवाणू सोडा, पुढचे निसर्ग बघून घेईल. समोरच्या बाकावर औषधवाले: रोग जिवाणू करतात, जिवाणू औषधाने मरतात, भावनेवर शेती होत नाही. पहिले दुसऱ्यांना कंपन्यांचे दलाल म्हणतात, दुसरे पहिल्यांना शेणभक्त. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली, त्यासाठी २,४८१ कोटी रुपये ठेवले आणि देशभर १०,००० जैव निविष्ठा केंद्रे, म्हणजे जीवामृतासारखी द्रावणे तयार करून देणारी ठिकाणे, काढायचे ठरवले. तेव्हापासून या भांडणात अनुदानाचाही वाटा आला आहे. वर्तमानपत्रातली पत्रे वाचा, ग्रामसभेत कान द्या, मेळाव्यातली भाषणे ऐका; एकाने श्रीलंकेतली २०२१ ची खतबंदी काढली की दुसरा पंजाबातले पाणी काढतो. आपल्या वायंगणातल्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामातल्या, वांग्याच्या मुळाशी काय चालले आहे, ते मात्र दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. भांडण कितीही मोठे असले तरी दोन्ही बाकांखालची जमीन एकच आहे, आणि ती पोकळ आहे. जिवाणूंच्या दोन जाती असतात, एक उपकारी आणि एक अपकारी, आणि आपले काम पहिल्यांना आत घ्यायचे, दुसऱ्यांना हाकलायचे, असे दोघेही धरून चालतात. झाड आणि जिवाणू यांचे नाते तसे ठरत नाही. समोर कोणते झाड आहे, माती आंबट की खारट, पाणी साचते की वाहून जाते, जिवाणू हजार आहेत की अब्ज, आणि त्यांच्याजवळ त्या घडीला कोणती जनुके आहेत, यावर ते ठरते. हे मान्य केले तर सरकारी पैसा जीवामृताचे ड्रम आणि औषधाच्या पुड्या यांवर नव्हे तर रोगनिदान, निचरा, वाण आणि कसून तपासणी यांवर जायला हवा. दोन्ही बाकांना हे आवडणार नाही, कारण ड्रम आणि पुडी वाटताना फोटो काढता येतो.

मरीचे, म्हणजे उभे झाड कोमेजून मरण्याच्या रोगाचे, उदाहरण घेऊ, कारण आगशी-ताळगांवपासून काणकोणपर्यंत वांगी, टोमॅटो, मिरची लावणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. झाड फुलावर आलेले असते, एखादे फळही धरलेले असते. एका दुपारी शेंड्याची पाने मलूल होतात. संध्याकाळी सावरतात, म्हणून आपण ऊन लागले असे समजून पाणी वाढवतो. दोन-तीन दिवसांत ते हिरवेच्या हिरवे झाड मान टाकते. पान पिवळे पडत नाही, डाग दिसत नाही. असे झाड उपटून बुंध्याजवळ खोड तिरके कापा आणि कापलेला भाग काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्याला टेकवून धरा. हलवू नका. थोड्या वेळात कापलेल्या जागेतून दुधट पांढरा धागा निघून सरळ खाली उतरू लागतो. तो धागा म्हणजे राल्स्टोनिया सोलानासेरम नावाच्या जिवाणूच्या कोट्यवधी पेशी आणि त्यांनी सोडलेला चिकट पदार्थ. पाणी वर नेणाऱ्या नळ्या याच चिकट्याने तुंबतात आणि झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते. बुरशीमुळे आलेल्या मरीत हा धागा दिसत नाही. ही चाचणी फुकट आहे आणि शाळेतले पोर करू शकते. तरीही किती शेतकऱ्यांना औषध देण्याआधी कोणी ती करायला सांगितली? दुकानदार बुरशीनाशक देतो, नाहीतर स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाची पुडी. नैसर्गिकवाला जीवामृताची मात्रा दुप्पट करायला सांगतो. झाड दोघांकडेही लक्ष न देता मरते, आणि दोघेही पुढच्या हंगामात तोच सल्ला घेऊन हजर होतात.

आता हाच राल्स्टोनिया शुद्ध खलनायक आहे का? तो मातीत असतो, पाण्यात असतो, कितीतरी तणांच्या मुळांत कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. पेशी विरळ असतात तेव्हा तो हिंडतो-फिरतो, मिळेल ते खातो. एकमेकांनी सोडलेल्या रसायनावरून आपण किती जमलो आहोत याचा त्यांना अंदाज येतो, आणि गर्दी पुरेशी झाली की मगच ते नळ्या तुंबवणारा चिकटा भरभरून तयार करू लागतात. म्हणजे एकाच पेशीचे वागणे शेजारी किती आहेत यावर बदलते. २०१० साली फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी याहून मोठी गंमत केली. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, माळावर, सगळीकडे लाजाळू उगवते. तिच्या मुळांवर गाठी करून नत्र पुरवणारा एक जिवाणू आहे, कुप्रियाव्हिडस तायवानेन्सिस. नात्याने तो राल्स्टोनियाचा चुलतभाऊ, इतका जवळचा की आधी त्याचे नाव राल्स्टोनिया तायवानेन्सिस असेच ठेवले होते. या संशोधकांनी त्याच्याकडचा सहजीवनाची जनुके असलेला प्लाझ्मिड (जिवाणूच्या पेशीतला जनुकांचा सुटा तुकडा) उचलून वांगी-टोमॅटो मारणाऱ्या राल्स्टोनियात घातला आणि तो लाजाळूच्या रोपांना लावला. सुरुवातीला काहीच झाले नाही. पण लाजाळूनेच निवड केली: ज्या पेशींत झाडावर हल्ला करणारी यंत्रणा एखाद्या बदलाने निकामी झाली, त्यांनी गाठी केल्या. नत्र त्यांनी स्थिर केले नाही हे खरे; मित्र होणे इतके स्वस्तही नाही. पण मारेकरी आणि पाहुणा यांच्यात एक प्लाझ्मिड आणि एका यंत्रणेतला बिघाड, एवढेच अंतर होते. पक्षांतराची सवय असलेल्या आपल्या राज्याला तरी हे समजायला जड जाऊ नये.

हा काही एकटादुकटा अपवाद नाही. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्यूमेफेसियन्स गुलाबाच्या, द्राक्षाच्या, पीचच्या बुंध्याशी गाठीचा रोग करतो. स्मिथ आणि टाऊनसेंड यांनी १९०७ मध्ये ते सिद्ध केले. पुढे कळले की तो आपल्या प्लाझ्मिडचा एक तुकडाच झाडाच्या जनुकांत घुसवतो. त्याच युक्तीवर आजचे जनुकीय अभियांत्रिकीचे अर्धे दुकान चालते. आणि या रोगावरचा गाजलेला जैविक उपाय कोणता? अ‍ॅडलेडच्या अ‍ॅलन केर यांनी १९७० च्या दशकात शोधलेला के-८४ नावाचा दुसरा अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच. तो एक विष बनवतो ज्याने रोगकारी भाऊबंद मरतात. त्यातही पुढे अडचण निघाली: विष बनवण्याची आणि ते पचवण्याची जनुके ज्या प्लाझ्मिडवर आहेत तो रोगकारी जिवाणूंकडे जाऊ शकतो, आणि मग त्यांच्यावर उपाय चालत नाही. म्हणून तो प्लाझ्मिड दुसऱ्याकडे जाऊ नये अशी काटछाट केलेला के-१०२६ आणावा लागला. मित्र म्हणून सोडलेल्याने शत्रूला चिलखत दिले असते, हे वेळीच तपासले म्हणून टळले. आणि आपण उपासाला खातो त्या रताळ्याच्या जनुकांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचे तुकडे कधीकाळी निसर्गतःच येऊन बसले आहेत, हे २०१५ मध्ये छापून आले. एकादशीचे रताळे कोणत्या बाकावर बसवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

जिवाणूंवरून बाके मांडून भांडायची खोड आजची नाही. इलिनॉयच्या थॉमस बरिल यांनी १८७८ च्या सुमारास पेअरच्या झाडावरचा करपा जिवाणूमुळे होतो असे दाखवले, तरी युरोपातल्या मातब्बरांना ते पटेना. आल्फ्रेड फिशर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तर जिवाणू झाडाला रोग करूच शकत नाहीत असे ठासून लिहिले; मेलेल्या पेशींवर ते नंतर येतात, इतकेच. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अर्विन स्मिथने १८९६ मध्ये टोमॅटो, वांगे आणि बटाटा यांच्या याच मरीचे कारण जिवाणू असल्याचे दाखवले होते, आणि शतक बदलेपर्यंत या दोघांची लेखी जुंपली होती. स्मिथ जिंकला, आणि योग्यच झाले. पण त्या विजयातून एक सोपे सूत्र लोकांच्या डोक्यात राहिले: जिवाणू सापडला, म्हणजे गुन्हेगार सापडला. फिशरचा मुद्दा चुकीचा होता, तरी त्याच्या आत एक खरा प्रश्न दडलेला होता. जिवाणू तर बहुतेक झाडांत असतात, मग काहीच झाडे का आजारी पडतात? तो प्रश्न त्याच्याबरोबरच हरला.

आता समोरच्यांची बाजू, आणि ती जितकी भक्कम आहे तितकी मांडतो. नैसर्गिक शेतीवाल्यांचा अनुभव खोटा नाही. पालापाचोळ्याचे आच्छादन, मिश्रपिके, शेणखत यांनी कितीतरी जमिनीत रोग कमी झालेले दिसतात. रोगाला दाबून ठेवणारी माती ही कविकल्पना नव्हे, विज्ञानाने मोजलेली गोष्ट आहे. गव्हाच्या मुळांना कुजवणाऱ्या एका बुरशीजन्य रोगात असे होते की त्याच शेतात वर्षानुवर्षे गहूच घेतला तर रोग आधी वाढतो, कळसाला जातो आणि मग आपसूक उतरतो, कारण तोवर त्या मातीत बुरशीला मारणारे सुडोमोनास जिवाणू माजलेले असतात. याहून सुंदर पुरावा मातीच्या जिवंतपणाचा कोणता द्यायचा? पण तो पुरावा नीट वाचला तर जीवामृताच्या ड्रमाला आधार देत नाही. ते सुडोमोनास बाहेरून कोणी ओतलेले नव्हते. रोग असताना, त्याच पिकाच्या मुळांशी, त्याच मातीत ते निवडले गेले. आणि पीकपालट केली तर ही दाबणारी शक्ती ओसरते, म्हणजे सगळ्या सेंद्रिय पुस्तकांतला पहिला सल्लाच इथे उलटा पडतो. मग २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून ढवळल्यावर त्यात नेमके काय वाढले, हे विचारणे म्हणजे परंपरेचा अपमान कसा? ती मूठभर माती कोणत्या बांधावरची होती? गेल्या वर्षी तिथे मर होती का? हा प्रश्न विचारला की चर्चा देशी गायीकडे वळते. (२०१८ मध्ये आपल्याच राज्यात मंत्रोच्चाराने पीक वाढवण्याची गोष्ट सरकारदरबारी गंभीरपणे बोलली गेली, तेव्हा गायीपर्यंत थांबणारे मला पुष्कळ शहाणे वाटतात.)

‘देशी’वरून आठवले. आपल्या मातीतले ते चांगले आणि बाहेरून आले ते वाईट, हा या चर्चेतला न बोललेला आधार आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा, तंबाखू ही सगळी अमेरिकेची पिके, पोर्तुगीज वाटेने इथे पोचलेली. राल्स्टोनियाच्या मात्र खंडाखंडांनुसार वेगळ्या शाखा आहेत, आणि आशियात सर्रास सापडणारी शाखा आशियाचीच आहे. म्हणजे काणकोणातल्या खोल गावची मिरची मरते तेव्हा बहुधा पाहुणे पीक घरच्या जिवाणूच्या हातून मरत असते. देशीपणाच्या कसोटीवर इथे कोणाची बाजू घ्यायची?

दुसऱ्या बाकाचा मुद्दा अधिक कठीण आहे. ते म्हणतात, रोगकारक जिवाणूशी तडजोड नाही, कारण एकदा पसरला की उशीर झालेला असतो. सोलापूर-नाशिकच्या डाळिंबवाल्यांना तेल्या रोगाने हे शिकवले; बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. इटलीत पुलिया प्रांतात २०१३ मध्ये ऑलिव्हच्या झाडांत झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू सापडला. युरोपीय संघाने बाधित झाडे तोडायला सांगितले. लोक रस्त्यावर आले, रोगच नाही, हे कंपन्यांचे कारस्थान आहे असे म्हणू लागले, आणि २०१५ च्या डिसेंबरात लेच्चेच्या सरकारी वकिलांनी झाडतोड थांबवून उलट शास्त्रज्ञांचीच चौकशी लावली. २०१९ मध्ये ती चौकशी बंद झाली. मधल्या काळात जिवाणू थांबला नव्हता. लाखो झाडे वाळली. निसर्ग बघून घेईल म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. पण त्याच्या शेजारी फ्लोरिडाही वाचावे. तिथे लिंबूवर्गीय झाडांवरच्या खैऱ्या रोगाचा जिवाणू समूळ नष्ट करायचा म्हणून १९९५ पासून मोहीम चालली. रोगी झाडाभोवतीच्या १,९०० फुटांतले प्रत्येक लिंबू-संत्र्याचे झाड, निरोगी असले तरी, लोकांच्या परसात शिरून तोडले गेले. दीड कोटीहून अधिक झाडे गेली, कोर्टकज्जे झाले, आणि २००४ व २००५ च्या चक्रीवादळांनी जिवाणू इतका दूर उडवला की २००६ च्या जानेवारीत सरकारने मोहीमच गुंडाळली. नायनाट कधी जमतो? रोग नवा असतो, जागा थोडी असते आणि तो वाऱ्या-पाण्याने सुटलेला नसतो तेव्हा. आपल्या मातीत मुरलेल्या राल्स्टोनियाला यातली एकही अट लागू होत नाही. म्हणून ‘जमीन निर्जंतुक करा’ हा सल्ला गोव्यात, वर्षाला तीन मीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे, कागदावरच ठीक दिसतो.

आणि स्ट्रेप्टोसायक्लिन? त्यातले स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे औषध, १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसेस ग्रायसियस या मातीतल्याच जिवाणूपासून मिळालेले. याच कुळातला दुसरा एक जिवाणू बटाट्यावर खरूज आणतो. हे सगळे घराणेच दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. मरीवर त्याचा उपयोग मोजकाच, कारण जिवाणू खोडाच्या आतल्या नळ्यांत आणि मातीच्या पोटात असतो. औषधाला सरावलेले जिवाणू मात्र मागे उरतात. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा काढला तो उगाच नव्हे. औषधवाल्यांनी स्वतःला विज्ञानाची बाजू म्हणवून घ्यायचे असेल तर आधी निदान न करता ही पुडी विकणे थांबवावे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. शेतकरी म्हणतो, ‘परिस्थितीवर अवलंबून असते’ हे तुमचे उत्तर मला शेतात काय कामाचे? मला ओतू की नको ओतू ते सांगा. खरे आहे. पण आपल्याच पूर्वजांनी याहून गुंतागुंतीचा प्रश्न सोडवलेला आहे. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, भरतीचे खारे पाणी शिरले तर भात जळतो. तेच पाणी पूर्णपणे अडवले तर मासळी जाते. गांवकऱ्यांनी खारे पाणी मित्र की शत्रू यावर सभा भरवली नाही. बांध घातला, बांधात मानस, म्हणजे पाण्याची दारे असलेली चौकट, बसवली. भरतीला तिची दारे मिटतात, ओहोटीला उघडतात, मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो आणि आत कोरगुट हा खारटी सोसणारा भात पिकतो. अट पाळण्याची यंत्रणा उभारली की रोज उठून तत्त्वचर्चा करावी लागत नाही. जिवाणूंच्या बाबतीत हीच यंत्रणा आपण बांधलेली नाही, आणि शेतकऱ्याला सोपे उत्तर मिळत नाही ते त्यामुळे.

अळसांद्याचेच, म्हणजे आपल्याकडच्या चवळीचेच, बघा. रायझोबियम हा तर सगळ्यांचा लाडका मित्र. १८८८ मध्ये बायेरिंकने तो वेगळा काढल्यापासून त्याच्याविरुद्ध कोणी ब्र काढलेला नाही. भातकापणीनंतर ओलीवर टाकलेल्या अळसांद्याचे एक रोप मुळासकट हलकेच उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसले तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नत्र देत नाही, झाडाची साखर खाऊन बसली आहे. युरिया आधीच भरपूर असेल तर झाड गाठीच कमी करते. आणि झाडही भोळे नाही: २००३ मधल्या एका प्रयोगात सोयाबीनच्या गाठींना हवेतल्या नत्राऐवजी आरगॉन दिला, म्हणजे त्यांना कामच करता येईना, तर झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि आतले जिवाणू कमी वाढले. ज्या जोडीला आपण मैत्रीचा आदर्श म्हणून पाठ्यपुस्तकात छापतो, तिथेही झाड रोज हिशेब मागते. मग आपण पुडीवरचे नाव वाचूनच समाधान का मानावे?

कारण कायदाही जवळपास नावावरच थांबतो. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. त्यात जैवखते २००६ मध्ये आली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी, द्रवरूपाच्या एका मिलिलिटरमध्ये १० कोटी, भेसळ नको, प्रयोगशाळेत आपले काम करून दाखवले पाहिजे, अशा अटी आहेत. वाईट नाहीत, पाळल्या तर. पण त्या पेशी आपल्या जांभ्याच्या आंबट मातीत किंवा खाजनाच्या खारटीत महिनाभर टिकतात का, हे कोणी विचारत नाही. दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या पुडीत त्यातल्या किती जिवंत उरल्या, हेही नाही. जैव निविष्ठा केंद्रातल्या ड्रमाला तर एवढीही अट नाही. आणि प्रजातीचे नाव म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हे बर्कहोल्डेरिया सेपाशियाने दाखवून दिले आहे. १९५० मध्ये कांदा कुजवणारा म्हणून त्याची नोंद झाली. पुढे तो रोगकारक बुरशींना दाबतो म्हणून उपकारी ठरला, शेतात वापरला गेला. मग सिस्टिक फायब्रोसिस (एक आनुवंशिक विकार) असलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसात तो आणि त्याचे भाऊबंद जीवघेणे ठरू लागले, आणि अमेरिकेत त्यांच्या शेतीतल्या वापराला लगाम घालावा लागला. एकाच नावाखाली तीन भूमिका. तेव्हा परवाना द्यायचा तर वाणाला, म्हणजे अमुक क्रमांकाच्या नेमक्या जिवाणूला, अमुक मातीसाठी आणि अमुक पिकासाठी. ‘सुडोमोनास आहे, चांगलाच असतो’ एवढ्यावर नव्हे.

मग गोव्याने काय करावे? निदान सगळ्यात आधी, कारण ते सगळ्यात स्वस्त. प्रत्येक विभागीय कृषी कार्यालयात ग्लास-पाण्याची चाचणी करून देणारा माणूस असावा, आणि ती चाचणी झाल्याशिवाय मरीवर कोणत्याही औषधाची किंवा जैविक पुडीची शिफारस होऊ नये. दुसरे, वाण आणि कलम. मरीला तोंड देणारे अर्का केशव, अर्का निधी यांसारखे वांग्याचे वाण आहेत; पण आगशीच्या वांग्याची चव ज्याला हवी त्याला ते देऊन भागणार नाही. त्याला रानवांग्याच्या खुंटावर आगशीचे कलम द्यायला हवे. हा खुंट मर बऱ्याच अंशी सोसतो, आणि जिवाणू मातीत असला तरी वरचे झाड उभे राहते. जिवाणूला न मारता, न पूजता काम होते. जुन्या गोव्याजवळ एला इथल्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत वांग्याच्या मरीवर आणि खारटी सोसणाऱ्या जिवाणूंवर काम झालेले आहे. रोपवाटिकांना ते नेऊन पोचवणे ही खात्याची कामगिरी, आणि ती मेळाव्याच्या मांडवाखाली होत नाही. तिसरे, पाणी. भात आणि भाजी यांची पाळी, म्हणजे खरिपात चिखलपाण्याचे भात आणि मग भाजी, ही मरीचा जोर कमी करणारी जुनी चाल आहे. ती पाळायला भाताचे शेत शिल्लक लागते. ताळगांवात वांग्याचा मोठा शत्रू आता राल्स्टोनिया नसून सिमेंट आहे, आणि त्याच्यावर कोणत्याही केंद्रात काढा मिळत नाही. तिथेच लक्षात ठेवावे की एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात सोडले तर तेच पाणी मर वाटत सुटते. पाळी चांगली, पण चर वेगळे हवेत.

जैव निविष्ठा केंद्रे बंद करा असे मी म्हणत नाही. ती आली आहेत, त्यात लोकांचा उत्साह आहे, आणि मातीत सेंद्रिय अंश वाढवण्याइतके चांगले काम दुसरे थोडेच असते. पण प्रत्येक केंद्राने ड्रमात घातलेली माती कुठली याची नोंद ठेवावी, दर हंगामात एक नमुना तपासायला द्यावा, आणि शेजारी-शेजारी दोन वाफे ठेवावेत: एकात जीवामृत, दुसऱ्यात तेवढेच शेणखत आणि साधे पाणी. दोन्हींचे वजन सगळ्यांसमोर व्हावे. जीवामृत खरेच जिंकले तर मीच त्याची बाजू घेऊन लिहीन. कच्च्या खायच्या कोथिंबिरीवर, मुळ्याच्या पाल्यावर ते कापणीच्या तोंडाशी मारू नये, ही अट तर आजच घालता येईल; शेणातले जिवाणू भाजीला निरुपद्रवी असले तरी आपल्या पोटाला असतीलच असे नाही.

पैसा कुठून, असे विचारणारे असतीलच. पुड्यांवरच्या अनुदानातला काही हिस्सा एका हंगामापुरता निदानाकडे वळवला तरी सुरुवात होईल. वायंगणातली वांग्याची रोपे भातकापणी उरकताच लागतात, म्हणजे कलमांची मागणी पावसाळा संपण्याआधी नोंदवावी लागेल. मरीचा इतिहास असलेली शेते त्याआधीच वहीत उतरवावी लागतील, आणि ग्लासभर पाणी घेऊन शेतात जाणारी माणसे पहिले झाड मान टाकण्याआधी तयार असावी लागतील.